भोंग्याचा अर्ज

"मग अर्जात कमी काय पडलं, बाबा?"

खळदकर मास्तरांनी गुलाबशहा फकिराला विचारलं खरं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. काहीच कमी नव्हतं. त्यांची हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती.

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवावा, असा नियम करा... एवढीच मागणी. भोंगा वाजला असता, तर मास्तरांची लेक सुमन नदीच्या कोरड्या पात्रातून चालत घरी पोचली असती.

फकिराची झोपडी त्याच पात्राच्या काठावर होती. तो धुनीतली लाकडं सारत राहिला.

"पाटबंधारे खात्यानं काय कळवलं?"

"एका इसमाच्या सूचनेवरून नियम करता येत नाही. नोंद घेतली आहे."

नोंद घेण्यात खात्याचा हात कुणी धरला नसता.

"मग?"

"मग काय! पुन्हा लिहिला. अधिक कडक भाषेत."

मास्तरांनी नवा कागद पुढे केला. समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखं. खाली एकच सही.

"परीटवाडीची यमुना आली होती म्हणे तुमच्याकडे. अंगठा द्यायला."

"आली होती."

"तिचाही पोरगा त्याच पाण्यात..."

"माहीत आहे, बाबा. सगळी वाडीच आली होती. पण अंगठ्यांनी कागद बरबटला असता. साहेबांनी अडाण्यांचं काम म्हणून बाजूला टाकला असता."

"आणि आता?"

मास्तर काठाखाली बघू लागले.

खाली पात्रात उरलेल्या डबक्याशी यमुना धुणं आपटत होती. मध्येच थांबून धरणाकडे बघायची. पुन्हा आपटायची.

फकिराने लोट्यात हात बुडवला, धुनीच्या कडेच्या गार राखेत दाबला, आणि मास्तरांना कळायच्या आत कागदावर उमटवला. सहीच्या शेजारी. पाचही बोटं.

"अहो, नासवलात की!" मास्तर ओरडले. "हा आता साहेबांपुढे कसा ठेवू?"

फकिराने कागद उन्हाकडे धरला. बराच वेळ न्याहाळला...

"आता वाटतं, नदीकाठी माणसं राहतात."