हेडचे दहा नट

"…मग तुम्हीच सांगा उस्ताद, या माणसाच्या हातात गाडी द्यायची का?"

अभिनंदन चौगुले स्वतःच्या वडिलांबद्दल विचारत होता. वडील, म्हणजे आप्पा, समोरच जुन्या टायरवर बसले होते. त्यांचं वय एक्क्याऐंशी, गाडीचं साठ.

जयसिंगपूरला बाबालाल उस्तादांच्या गॅरेजला लागून माझं लेथचं दुकान आहे. त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. मला कशाला, अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. चहावाला हातात किटली घेऊन तसाच उभा राहिला होता.

ती छोटी गाडी उदगावापासून ट्रॅक्टरला बांधून आणलेली. बॉनेटमधून वाफ येत होती. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडचं गॅसकेट उडालंय हे सांगायला उस्ताद लागत नव्हते.

"दोन महिन्यांपूर्वी मी स्वतः नवं टाकलंय. तापमानाचा काटा लालवर गेला तरी यांनी दामटली असणार. बंद पडली तेव्हाच थांबले."

"काटा चढला तशी लगेच थांबवली रे…" आप्पा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. किल्ली द्या इकडं. विकून टाकतो, म्हणजे डोक्याचा ताप जाईल."

आप्पांनी खिशातून किल्ली काढून दिली.

माझं डोकंच फिरलं. बायको गेल्यापासून हा माणूस त्या गाडीच्या आधारानं जगतोय. रोज सकाळी पुसतो, गुरुवारी सांगलीला मित्राकडं जाऊन येतो, बास. आणि हा इंजिनिअर मुलगा चारचौघांत बापाची लाज काढतोय. वर्षभर दर रविवारी उस्तादांकडं काम शिकायला येत होता, तेव्हा बरा वाटला होता मला.

उस्तादांनी बॉनेट उघडलं.

"खोला की हेड. काय करून ठेवलंय ते दाखवा यांना," अभिनंदन म्हणाला.

"गरम आहे. गरम हेड खोलायचं नसतं."

"मग कधी?"

"वर हात ठेव. हात टिकला की सांग."

अभिनंदननं हात ठेवला आणि झटकन काढला. थोड्या वेळानं पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. असा दीड तास गेला. आप्पा खाली जमिनीकडं बघत बसले होते.

शेवटी हात टिकला.

उस्तादांनी पाना त्याच्याच हातात दिला. "सोडव."

पहिल्या नटाला जोर लावावाच लागला नाही. दुसऱ्यालाही नाही… मधले चार तर नुसत्या बोटांनी फिरले असते.

"कुणी आवळले होते?"

"मीच. मीटरच्या पान्यानं. पुस्तकात दिलंय तेवढ्याच मापानं."

"आणि शंभर किलोमीटर झाल्यावर? थंड इंजिनावर, परत?"

"परत कशाला? माप बरोबर होतं."

नवं गॅसकेट तापलं की दबतं, मग नट सैल पडतात, म्हणून दुसऱ्यांदा आवळायचे. हे उस्ताद पहिल्याच रविवारी शिकवतात. मी लेथवाला, तरी ऐकून ऐकून मला पाठ झालंय.

दहाही नट निघाले, हेड उतरलं. उस्तादांनी ते घासून पुसलं, त्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि पलीकडून बल्ब लावला.

"पट्टीखालून उजेड दिसतो का बघ."

अभिनंदन वाकला. उस्तादांनी पट्टी आडवी धरली, तिरकी धरली. त्यानं सगळीकडून बघितलं.

"नाही दिसत."

"तापलेली गाडी दामटली असती तर हेड बेंड झालं असतं. हे केसभरसुद्धा हललेलं नाही."

अभिनंदननं पट्टी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा एकदा बघितलं.

नवं गॅसकेट बसलं. नट तोच आवळत होता, मधल्यापासून बाहेर, थोडा थोडा, तीन फेऱ्यांत. तिसऱ्या फेरीला त्याचा हात थांबला.

"आप्पा, मी दुसऱ्यांदा आवळले नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की. दोनदा आठवण करून दिली तुला. तू कामात होतास."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"लोक होते ना," आप्पा म्हणाले.

अभिनंदन उठला. हात न पुसताच वडिलांजवळ गेला, किल्ली त्यांच्या मुठीत ठेवली, कानाशी वाकला आणि पुटपुटला, "चुकलं माझं." मी चार हातांवर होतो, तरी मला जेमतेम ऐकू आलं.

उस्ताद पाने गोळा करत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"हळू कशाला बोलतोस? मघाशी गल्लीला ऐकू जात होतं."