बुडेल तो तयार

एका गावात धाकू नावाचा एक भोळा बागवान होता. झाडं लावायला पटाईत. पण फळ उतरवायची वेळ आली की त्याची बायको आवडी देव पाण्यात ठेवी.

एकदा ती म्हणाली, "अहो, फणस तयार झालेत का बघून या."

धाकूने कोयती घेतली. सातही फणस कापून बघितले. सातही कोवळे.

आवडीने कपाळावर हात मारला. "कापतात का बघायला? वरून थाप मारायची. बदबद वाजला की तयार."

"असं होय! आता चुकायचा नाही."

दुसऱ्या दिवशी नारळ बघायचे होते. धाकूने नारळाला सणसणीत थाप मारली. नारळ गप्प. धाकूच बोंबलला. तीन दिवस हात गळ्यात.

"अहो, नारळ कानाशी धरून हलवायचा! आत पाणी वाजलं पाहिजे."

"असं होय! आता चुकायचा नाही."

मग आंबे उतरले. धाकूने अख्खी करंडी कानाशी धरली आणि गदागदा हलवली. आवाज काही आला नाही. रस मात्र कानापासून कोपरापर्यंत आला.

आवडी रडकुंडीला आली. "आंब्याला धक्का लावायचा नसतो हो! पाण्यात सोडायचा. बुडला तो तयार. तरंगला तो कोवळा."

"असं होय! आता चुकायचा नाही."

पुढच्याच आठवड्यात धाकूच्या बहिणीला, चंद्रीला, शेजारच्या गावातून स्थळ आलं. मुलगा चांगला होता, चंद्रीच्या मनातही भरला होता. पण आवडी नेमकी तापाने फणफणलेली. ती म्हणाली, "तुम्हीच जाऊन या. मुलगा नीट पारखा. अजून कोवळा आहे, की संसाराला तयार आहे, ते बघा."

धाकू गेला. पोहे खाल्ले. चहा प्याला. मुलाला म्हणाला, "जरा विहिरीकडे येता?"

मुलगा काठावर उभा राहिला. धाकूने त्याला ढकलला.

धप्प!

मुलगा पट्टीचा पोहणारा. चटकन वर आला आणि शिव्या देत पोहू लागला. ते पाहून त्याचा बाप "अरे माझ्या बाळा!" करत धावला आणि धोतरासकट विहिरीत पडला. त्याला पोहता येत नव्हतं. तो थेट तळाला. चार जणांनी दोर टाकून कसाबसा वर काढला.

धाकू धावतच घरी आला. चंद्री दाराआड कान देऊन उभी.

"काय झालं हो?" आवडीने विचारलं.

"मुलगा अगदीच कोवळा गं," धाकू म्हणाला. "पण बाप तयार आहे! भटजींना बोलाव."