घाबरलेला हायलँडर

नाशिकच्या दिगंबर उकिडव्यांना टेबलावरच्या युद्धखेळासाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या हायलँडर शिपायांचे बोटभर उंचीचे पुतळे रंगवायचा भारी नाद. चौकड्यांचा घागऱ्यासारखा किल्ट, लाल कोट, सगळं इतिहासाबरहुकूम जमायचं. डोळे मात्र दर वेळी बिघडायचे.

अशा पुतळ्यांच्या रंगकामाच्या एका स्पर्धेत परीक्षक कर्नल रणनवऱ्यांनी त्यांच्या शिपायावर भिंग धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "हायलँडर शत्रूला कधी घाबरत नसे. याचे डोळे तर भीतीने विस्फारलेत. ऐतिहासिक आधार दाखवा, नाहीतर बाद."

उकिडवे नम्रपणे म्हणाले, "साहेब, शत्रूला तो आजही घाबरत नाही. पण डोळे रंगवायला मी ब्रश घेऊन येतोय, हे त्याने पाहिलं."

कर्नलसाहेबांना हसू आवरेना. शिपाई स्पर्धेत राहिला आणि शेवटचा आला. तो निकाल उकिडव्यांनाही रास्तच वाटला.