मानाचा तीळ

मुंग्यांना मानपानाची हौस नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. चिंचेखालच्या वारुळानं शिवारापलीकडच्या वारुळाशी भगिनी-वारूळ म्हणून नातं जोडलं. सरपंच चिमाक्का शिष्टमंडळ घेऊन तिकडे जाई, पाकळीची शाल पांघरून घेई आणि मानाचा तीळ घेऊन येई. पुढच्या वर्षी तिकडच्या मुंग्या येत आणि तोच तीळ परत नेत. चिंचेशेजारीच, बांधाला लागून लाल मुंग्यांचं वारूळ होतं. त्यांच्याशी मात्र वाटेवरून भांडण होतं आणि बोलणं बंद.

एका दुपारी पाट फुटला. वारुळात पाणी शिरलं तशी चिमाक्का तीळ छातीशी धरून बाहेर पडली. अंडी आतच राहिली. लाल मुंग्यांनी एकमेकींना धरून साखळी केली, सगळी अंडी बाहेर काढली आणि आपल्या घरात नेऊन ठेवली.

"पाणी ओसरेपर्यंत इथंच राहा, आक्का," त्यांची म्होरकी म्हणाली.

चार दिवसांनी भगिनी वारुळाचा निरोप आला. "ऐकून फार वाईट वाटलं. यंदा तीळ न्यायला आम्ही येणार आहोत, तेवढा जपून ठेवा."

चिमाक्काचे डोळे भरून आले.

"बघ, याला म्हणतात जिव्हाळा," ती म्होरकीला म्हणाली. "जरा सरक बाई, तीळ ठेवायला कोरडी जागा हवी."