मासांगची हाक

ही गोष्ट समुद्रापलीकडची आहे. आपल्या पूर्वेला, खूप लांब, फिलिपिन्स नावाचा देश आहे. तिथे बेटंच बेटं. आपल्यासारखाच नारळ, आपल्यासारखाच भात. गोष्ट घडली तेव्हा आपल्या पणजीची पणजीसुद्धा जन्मली नव्हती.

तिथल्या एका बेटावर दालिसाय नावाचं गाव होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उंच डोंगर, आणि गावाच्या कडेने वाहणारी एक रुंद नदी. डोंगर साधा नव्हता. त्याच्या पोटात आग होती आणि माथ्यावर मोठं तळं होतं. पण तो पिढ्यानपिढ्या झोपलेला, त्यामुळे लोकांना त्याची भीती वाटायची नाही. ते त्याच्या उतारावर भात लावायचे आणि त्याला नुसतं ‘म्हातारा’ म्हणायचे.

घरं होती बांबूची. खाली खांब, वर झावळ्यांचं छप्पर, चढायला बांबूची शिडी. इतकी हलकी, की कुणाला जागा बदलायची असली तर घर मोडायचं नाही. शेजारीपाजारी जमायचे, घराखालून लांब बांबू घालायचे, आणि अख्खं घर खांद्यावर उचलून नव्या जागी नेऊन ठेवायचे. याला ते बायानिहान म्हणतात. त्याची मजुरी कुणी घेत नाही. घरमालकाने पोटभर जेवू घालायचं, की झालं.

आणि वर्षातून एकदा गावाची फिएस्ता. फिएस्ता म्हणजे आपली जत्राच समजा. गावाचा राखणदार सान इसिद्रो, शेतकऱ्यांचा संत. मे महिन्यात त्याचा दिवस आला, की घरंच्या घरं भाताच्या लोंब्यांनी, भोपळ्यांनी, केळीच्या घडांनी आणि तांदळाच्या रंगीत पापड्यांनी नटायची. संताची लाकडी मूर्ती गावभर फिरायची, ढोल वाजायचे, चर्चमध्ये गाणी व्हायची.

या गावात मासांग राहायची. ती मासे विकायची. आता तुम्ही म्हणाल, मासे विकायची म्हणून मासांग. तसं नाही. तिथल्या भाषेत माशाला इस्दा म्हणतात. तिचं पाळण्यातलं नाव तोमासा, आणि तोमासाचं लाडाने मासांग झालं.

ती उंच होती, रागीट होती, आणि तिचा आवाज असा होता की तसा त्या बेटावर आधी कुणाचा नव्हता आणि नंतरही झाला नाही. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती किनाऱ्यावरून गावाकडे निघायची आणि माशांची नावं ओरडायची. “दिलिस! सापसाप! बांगुस! तुलिंगान!” ती हाक ऐकून डोंगरावरच्या शेतातले लोक घरी बायकांना निरोप धाडायचे की आज बांगुस घे. धुक्यात वाट चुकलेले कोळी तिच्या हाकेवरून किनारा ओळखायचे. ती नारळाच्या झाडाखाली उभी राहून ओरडली तर पिकलेले नारळ आपोआप खाली पडायचे, असं म्हणतात.

मासांगला एकच हौस होती. फिएस्ताच्या दिवशी चर्चमध्ये गायची. गाणाऱ्यांना शिकवायला आंब्रोस्यो नावाचे एक गुरुजी होते. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणायचे. त्यांनी तिला एका वर्षी घेतलं. पण पहिल्याच तालमीत मासांगने तोंड उघडलं आणि बाकीच्यांचे आवाज कुठल्या कुठे बुडून गेले. माएस्त्रोंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“मासांग,” ते म्हणाले, “तू नुसते ओठ हलव. गाऊ नकोस.”

सगळे हसले. मासांग बाहेर पडली, किनाऱ्यावर गेली आणि पालथ्या घातलेल्या होडीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिली. त्या वर्षी तिने फिएस्ताचं गोडधोड तोंडातसुद्धा घातलं नाही. पुढे दरवर्षी ती मिरवणुकीत सगळ्यात मागे चालायची, ओठ घट्ट मिटून. एरवी गावाला तिची हाक रोज हवी होती, फक्त देवापुढे नको होती. हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

अशी काही वर्षं गेली. मग एका मे महिन्यात म्हातारा जागा झाला.

आधी विहिरींचं पाणी कोमट झालं. मग रानातले पक्षी समुद्राकडे उडाले. लोक म्हणाले, फिएस्ता तोंडावर आली आहे, ती होऊ दे, मग बघू. घरं सजली. आणि फिएस्ताच्या सकाळी, मूर्ती चर्चबाहेर काढायच्या वेळेला, डोंगराचं तोंड फुटलं.

राखेचा ढग वर गेला आणि सूर्य झाकला गेला. भर सकाळी असा अंधार पडला, की स्वतःचा हात स्वतःला दिसेना. वरून तापलेले खडे पडायला लागले, गारा पडाव्यात तसे. सगळ्यांना कळलं की आता वरचं तळं फुटणार आणि राखेचा चिखल नदीच्या पात्रातून गावावर येणार. मे महिना असल्यामुळे पात्र कोरडं होतं. पलीकडच्या तीरावर उंच टेकडी होती आणि टेकडीवर दुसरं गाव. तिथे पोचलं तरच जीव वाचणार होता.

गावचा प्रमुख तिबुर्स्यो, त्याला सगळे कापितान म्हणायचे. तो चर्चच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, “ज्याला चालता येतं त्याने आत्ताच्या आत्ता निघावं. सामान घेऊ नका.”

“आणि ज्याला चालता येत नाही त्याने?” अंधारातून मासांगचा आवाज आला.

गावात म्हातारी माणसं होती, आजारी होती, एक बाई तर त्याच पहाटे बाळंत झाली होती. गाड्यांचे रेडे दोर तोडून पळाले होते. पाठीवर घेऊन न्यावं तर उघड्यावरच्या माणसाला खडे लागत होते.

“घरंच उचलू,” मासांग म्हणाली.

“घरं?” कापितान म्हणाला. “माणसं वाचवायची सोडून घरं?”

“माणसं घरातच आहेत ना. आणि वरून दगड पडतायत. छप्पर इथे ठेवून जायचं आणि त्यांना उघड्यावर न्यायचं? बायानिहान काय फक्त मजेत असतानाच करायचं?”

कुणीतरी बांबू आणायला पळालं. ज्या घरांत न चालणारं माणूस होतं तेवढीच घरं उचलायची असं ठरलं. बायकांनी चटया भिजवून छपरांवर टाकल्या. फिएस्तासाठी लावलेल्या लोंब्या आणि भोपळे काढायला वेळ नव्हता, ते तसेच लटकत राहिले. माएस्त्रोंची आई, लोला इंग्गा, तिला चालता येत नव्हतं. लोला म्हणजे आजी. तिच्या मांडीवर सान इसिद्रोची मूर्ती देऊन तिचंही घर उचललं. मूर्ती जड होती. “हे आता मला दाबून मारणार,” लोला इंग्गा म्हणाली, पण तिने ती घट्ट धरली.

घरं उचलली गेली, पण चालता येईना. घर खांद्यावर असलं की सगळ्यांचं पाऊल एकदम पडावं लागतं. एरवी ढोल वाजवून ताल देतात. पण खड्यांनी ढोलांचं कातडं फाटलं होतं आणि डोंगर असा गर्जत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माएस्त्रो पुढे होऊन ताल द्यायला लागले. त्यांचा आवाज गोड होता, पण तो दोन माणसांच्या पलीकडे जाईना. लोला इंग्गाचं घर एका बाजूला कललं. आतली भांडी गडगडत गेली. म्हातारी किंचाळली.

माएस्त्रोंनी अंधारात चाचपडत मासांगला शोधलं. सापडल्यावर तिचा हात धरला.

“मासांग, तू गा.”

मासांग म्हणाली, “मला तुमची गाणी येत नाहीत, माएस्त्रो. शिकायच्या आधीच तुम्ही मला गप्प केलंत.”

“चुकलो मी,” माएस्त्रो म्हणाले. “तुला येतं ते गा.”

तिला एकच येत होतं. तिने छाती भरून श्वास घेतला आणि रोजची हाक दिली.

“दिलिस!” सगळ्यांचं डावं पाऊल पडलं. “सापसाप!” उजवं पडलं. “बांगुस!” कललेली घरं सरळ झाली. “तुलिंगान!” आणि घरं चालायला लागली.

डोंगर गर्जत होता, पण हाक त्याच्यावरून गेली. खांदे देणाऱ्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. ते फक्त हाकेकडे चालत होते. रोज सकाळी ऐकलेली ती नावं, त्यांना ती झोपेतही पाठ होती. घरं त्या दिवशी सुगरणीच्या खोप्यांसारखी हलकी झाली होती, असं म्हणतात. भोपळे हलत होते, लोंब्या झुलत होत्या आणि अंधारातून अख्खी फिएस्ता चालत निघाली होती.

नदीच्या पात्राच्या मध्ये एक मोठा खडक होता. मासांग त्याच्यावर चढून उभी राहिली, म्हणजे अलीकडच्यांना यायची दिशा कळेल आणि पलीकडच्यांना मागून ताल मिळत राहील. एकेक घर तिच्या बाजूने पार होत गेलं. तेवढ्यात वरून वेगळाच आवाज आला. तळं फुटलं होतं.

“मासांग, चल आता,” जाणारे ओरडले.

ती हलली नाही. लोला इंग्गाचं घर अजून अलीकडच्या तीरावर होतं. ते सगळ्यात शेवटी निघालं होतं. मासांग हाका देत राहिली. तिच्या घशातून रक्त आलं, तरी देत राहिली. घर पात्रात उतरलं, आणि वरच्या वळणावर चिखलाचा लोंढा पोचण्याआधीच त्याचा वास आला, गंधकाचा.

तेव्हा मासांगने लोंढ्याकडे तोंड केलं आणि शेवटची हाक दिली. “तुलिंगान!” ती तिने इतकी लांबवली, इतकी लांबवली, की जोवर तिचा श्वास पुरला तोवर तो लोंढा वळणावर, ताठ उभ्या भिंतीसारखा, थांबून राहिला. असं म्हणतात. घर तिच्यापाशी आलं, तिने लोंबती शिडी पकडली, आणि घराबरोबर ती पलीकडच्या चढावर ओढली गेली. मग लोंढा आला आणि दालिसाय गाव, चर्चच्या घंटेसकट, त्याखाली गेलं.

लोला इंग्गा मात्र पुढे शेवटपर्यंत सांगायची की लोंढा बिंढा काही थांबला नव्हता, मासांग फक्त जिवाच्या आकांताने पळाली. पण लोला इंग्गाचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

टेकडीवरच्या गावाचीही त्या दिवशी फिएस्ताच होती. त्यांनी राखेत माखलेली ही माणसं पाहिली आणि एक शब्द न विचारता पानं मांडली. दालिसायमधलं एकही माणूस त्या दिवशी मागे राहिलं नाही आणि उपाशी झोपलं नाही.

पण मासांगचा आवाज गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोलायला गेली, तर नुसती हवा आली. औषधं झाली, नवस झाले, आवाज परत आला नाही. तिला वाटलं, आता आपण मासे कसे विकणार? तरी सवयीने ती टोपली घेऊन निघाली. टेकडीवर उचलून आणलेल्या घरांच्या नव्या वस्तीत पोचली तर काय, प्रत्येक शिडीवर एकेक बाई हातात ताट घेऊन उभी. कुणाला बोलवायची गरजच पडली नाही. माएस्त्रो आंब्रोस्यो सगळ्यात पुढे उभे होते. मासांग जगली तितकी वर्षं, रोज सकाळी, तिची चाहूल लागायच्या आत लोक बाहेर येऊन तिची वाट बघायचे. पुढे ती खूप म्हातारी होऊन गेली. तिला ज्यांनी खांदा दिला त्यांनी वाटेत माशांची नावं घेतली.

त्या नव्या वस्तीचं नाव तिनिग. तिनिग म्हणजे आवाज.

आजही तिनिगमध्ये मे महिन्यात फिएस्ता होते. जहाजांवर काम करणारे, परदेशात आजाऱ्यांची सेवा करणारे, सगळे त्या दिवसासाठी घरी येतात. पण तिथे ढोल नसतो. गाव मिळून बांबूचं एक नवंकोरं घर बांधतं, त्याला लोंब्या आणि भोपळे लावतं, आत गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवतं, आणि ते घर खांद्यावर घेऊन नदीचं पात्र पार करतं. ताल द्यायला अख्खं गाव एका सुरात, खरं तर हजार सुरांत, ओरडतं, “दिलिस! सापसाप! बांगुस! तुलिंगान!” नवख्या पाहुण्यांना वाटतं इथे मासळीबाजार भरलाय. तिनिगची माणसं अभिमानाने हसतात आणि त्यांनाही बांबूखाली खांदा द्यायला लावतात.

टेकडीवर पोचल्यावर ते घर गावातल्या अशा कुटुंबाला देतात, ज्याचं घर त्या वर्षी वादळात किंवा पुरात गेलं असेल. मग त्या घरात पहिली चूल पेटते, पहिला मासा शिजतो, आणि वाटेने जाणारा कुणीही आत येऊन जेवतो. घर सगळं तयार असतं, शिडी असते, खिडक्या असतात. दार तेवढं दुसऱ्या दिवशी बसवतात.