टेबलावर न दिसलेला आजार

तालुक्याच्या एका गावी एक वृद्ध शल्यचिकित्सक होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत होता. त्याचा हात कुशल होता, निदान झटपट होते, आणि दोन्हींचा त्याला थोडा अभिमानही होता.

एकदा सगुणाबाई नावाची सत्तरीची स्त्री लेकीसोबत आली. सहा वर्षे मूळव्याधीची औषधे घेऊनही तिला गुण नव्हता. शिष्याने तिला टेबलावर कुशीवर निजवून तपासले, कुंथायला सांगितले. विशेष काही दिसले नाही.

"किरकोळ मूळव्याध आहे, सर. बाकी मनाचंच जास्त वाटतं," तो गुरूंना म्हणाला.

"मीही तेच म्हणते," लेक बोलली. "माझ्या पोरीच्या लग्नालासुद्धा आली नाही ही."

सगुणाबाईंनी मान खाली घातली.

गुरूंनी लेकीला बाहेर पाठवले. मग म्हणाले, "बाई, रोज परसाकडेला बसता तशा आत जाऊन बसा. घाई नाही. त्रास झाला की सिस्टरांना हाक मारा."

बाहेर रुग्णांची रांग असताना गुरू संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले पाहून शिष्य चकित झाला. वीस मिनिटांनी सिस्टरांनी बोलावले. गुदाशयाचा मुठीएवढा लालभडक भाग बाहेर आला होता. त्यावर एकात एक गोल वळ्या होत्या. तो पूर्ण गुदभ्रंश होता.

"सहा वर्षं हातानं आत ढकलते मी," सगुणाबाई पुटपुटल्या. "कपडे खराब होतात. लेकीला कोणत्या तोंडानं सांगू?"

बाहेर आल्यावर शिष्य म्हणाला, "सर, मी तर नीट तपासलं होतं."

"तपासलंस खरं. पण टेबलावर माणूस लाजेनं अंग आवळून घेतो. आवळलेलं अंग आजार कसा दाखवील? तो जिथं दिसतो तिथं आपण जायचं, आणि दिसेपर्यंत थांबायचं. आज थांबलो नसतो, तर तू पुन्हा मूळव्याधीचीच औषधं दिली असतीस आणि दुखणं तसंच राहिलं असतं."

पुढच्या तपासण्यांत आतड्यात गाठ आढळली नाही, मात्र हृदय दुर्बल निघाले. पोटातून गुदाशय वर ओढून कमरेच्या मागच्या हाडाला टाक्यांनी जोडावा, असे शिष्याला वाटत होते. त्यात आजार उलटण्याची शक्यता कमी. गुरूंनी नकारार्थी मान हलवली. "एवढी मोठी भूल या हृदयाला झेपणार नाही. कमरेत भूल देऊन खालूनच करू. यात पुन्हा उलटण्याचा धोका अधिक आहे, तेवढं बाईंना स्पष्ट सांग."

शिष्याने पलंगापाशी बसून सारे सांगितले. सगुणाबाई म्हणाल्या, "पुन्हा आलं तर पुन्हा येईन. आता लपवायचं नाही."

शस्त्रक्रिया शिष्याने केली, गुरू शेजारी उभे राहिले. बाहेर येणारा भाग काढून कडा जोडल्या. शौचावर ताबा लगेच आला नाही. चौथ्या दिवशी अंथरूण खराब झाले, तेव्हा लेकीने चादर बदलली आणि आईचे पाय पुसत म्हणाली, "मला आधी सांगायचं ना गं."

"तू विचारलंस कधी?" आई म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

दारात आलेला शिष्य तिथेच थांबला. मग पडदा ओढून घेऊन तो बाहेर उभा राहिला, त्यांचे बोलणे संपेपर्यंत.