निवृत्तीची घरगुती तपासणी

वेड्यावाकुड्या बोलांनाही जो गोड मानून घेतो, त्या पांडुरंगाला आधी दंडवत. मग कथेला आरंभ.

जांभूळदरा नावाच्या गावात एक भोळा विद्यार्थी होता. निवृत्ती त्याचे नाव. तालुक्याच्या कॉलेजात शिके. सांगितलेले तंतोतंत ऐके; फक्त ते लागू करी पुढच्या कामाला.

त्याच कॉलेजातल्या रेवतीशी त्याचे लग्न ठरत आले होते. मुलगी मोठी चोख. ती म्हणाली, "लैंगिक आजारांची तपासणी दोघांनीही करायची. माझी झाली. तुझी झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही."

निवृत्तीला रेवती जिवापाड हवी होती. तो तडक आरोग्य केंद्रातल्या कुंदा सिस्टरांकडे गेला. त्यांच्यापाशी घरी न्यायच्या तपासणीच्या पेट्या असत. कॉलेजातली मुले त्या खुशीने नेत. दवाखान्याच्या रांगेत गाववाला भेटण्यापेक्षा आपले घर बरे, असे त्यांना वाटे.

"बोटातून रक्ताचा थेंब या कागदावर घ्यायचा आणि आणून द्यायचा," सिस्टर म्हणाल्या. "देह देवाने दिला, त्याची निगा राखण्यात लाज कसली? मुळीच लाजायचं नाही."

निवृत्ती मुळीच लाजला नाही. घरी ओसरीवर सारे भजनी मंडळ बसले होते. त्यांच्या मधोमध मांडी घालून त्याने पेटी उघडली.

"काय रे हे?" त्याच्या चुलत्यांनी, तात्यांनी, विचारले.

"लैंगिक आजारांची तपासणी, तात्या. तुमचीही करू का? लाजायचं नाही!"

तात्यांचा चहा थेट कागदावर सांडला.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला आणि दुसरी पेटी दिली. "अरे शहाण्या, हे दार लावून, एकट्याने करायचं असतं!"

निवृत्तीने दार लावले, तपासणी केली, कागद पोचवला. इथवर सारे ठीक. पुढे रेवतीचे वडील जावई पाहायला आले. निवृत्ती आत गेला आणि त्याने कडी घातली.

"बाहेर ये की रे, पाहुणे आलेत!" आई दारावर थापा मारू लागली.

"नाही आई, हे एकट्यानेच करायचं असतं."

पाहुणे पाणीही न घेता उठले.

रेवतीचा संताप अनावर झाला. "बाबा म्हणतात, पोरगा काहीतरी लपवतोय! मोडेल ना सगळं! मी पुन्हा आणते त्यांना. समोर बस, आणि विचारतील त्याचं खरं खरं उत्तर दे. काही लपवू नकोस."

तोवर अहवालही आला. दोघांनी एकमेकांचे अहवाल पाहिले; दोघेही निरोगी. मग वडील पुन्हा आले. घसा खाकरून म्हणाले, "काय निवृत्तीराव, बरं आहे ना?"

"बरं आहे. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही. रेवतीलाही नाही. मी अहवाल पाहिलाय."

आईने पदर तोंडाला लावला. तात्या छताकडे पाहू लागले. रेवतीचे वडील हळूच म्हणाले, "पोरगा लपवत मात्र काही नाही."

आणि सुपारी फुटली!

रेवतीने त्याला गाठून करकचून चिमटा काढला. "माझं नाव कशाला घेतलंस? अशा गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात! म्हणून तर पेटीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. माझा सत्तावीस होता. पुन्हा चारचौघांत माझं नाव घेशील तर याद राख!"

निवृत्तीने कानाला खडा लावला.

लग्न थाटात झाले. पंगत बसली. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवणार, तोच सुवासिनींनी गराडा घातला. "आधी उखाणा! नाव घेतल्याशिवाय घास नाही!"

निवृत्तीने देवाचे स्मरण केले आणि सुरात म्हटले,

"देवापुढे समई मंद मंद तेवती,
जन्मोजन्मी लाभो मला..."

सारा मांडव पुढचा शब्द म्हणायला सरसावला. निवृत्ती वेळीच सावध झाला. छाती पुढे काढून खणखणीत आवाजात म्हणाला,

"नंबर सत्तावीस!"

त्या दोघांना सांभाळणारा हरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांभाळो. घरोघरी देह निरोगी राहो, मन निर्मळ राहो, आणि हसू कधी न सरो.